एकविसावं नाव

कासारखिंडीच्या देवस्थानाचे अध्यक्ष त्र्यंबकराव घारपुरे भारी हट्टी. उत्सवाच्या दर्शनाला नोंदवलेली नावं नोंदणीच्या खिडकीतल्या संगणकावर उघडत, एका पानावर वीस. पण प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकूण भाविकांचा बिनचूक आकडा हवाच, असा साहेबांचा हुकूम. मग संगणक दर पानाला पुन्हा पहिल्यापासून लाखो नावं मोजत बसे आणि बाहेर रांग उन्हात तापे.

"उद्या हे झटपट चाललं नाही, तर काम काढून घेईन. आणि पानावरून आकडा हलता कामा नये!" त्यांनी प्रोग्रामर नीलाक्षीबाईंना दम भरला.

दुपारी महाप्रसादाची पंगत बसली. त्र्यंबकराव पहिल्या पाटावर. नीलाक्षीबाईंनी वाढप्यांना हातानेच थांबवलं. भात निवू लागला.

"वाढत का नाही?" अध्यक्ष कडाडले.

"एकूण जेवणारे किती, ते मोजायला माणूस गावभर धाडलाय. आकडा आला की वाढू."

"अहो, बसलेत त्यांना वाढा! दाराशी कुणी उभं दिसलं, की पुढची पंगत आहेच समजायचं!"

"मग संगणकालाही तेच सांगते, साहेब. वीस नावं दाखव आणि एकविसावं आहे का, एवढंच बघ. असलं तर पुढचं पान आहे. एकूण आकडा रोज पहाटे एकदाच मोजू."

त्र्यंबकरावांनी मान डोलावली, तेव्हा कुठे वाढप्यांनी भात वाढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे शुकशुकाट बघून त्यांचा चेहरा पडला. "भाविक आलेच नाहीत?"

"आले की," खिडकीवरचा सेवेकरी म्हणाला. "दर्शन घेऊन जेवायलाही बसले!"