मास्तरांची खोली

मुलाने परस्पर घर विकल्यावर ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक हरिभाऊ पेठकर सांगलीत भाड्याची खोली शोधत फिरत होते. आठ ठिकाणी नकार मिळाला. नवव्या ठिकाणी बंगल्याचे मालक आबासाहेब घोरपडे आरामखुर्चीतूनच म्हणाले, "मास्तर, स्पष्ट बोलतो. सत्तरीच्या माणसाला मी खोली देत नाही. करार अकरा महिन्यांचा. तुम्ही मधेच गेलात, तर पुढे त्या खोलीत कोण राहायला येईल?"

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "आपलं वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"मग चूक माझीच झाली, आबासाहेब. अकरा महिन्यांच्या करारासाठी मी मालक जरा तरुण बघायला हवा होता."

दारात उभ्या असलेल्या घोरपड्यांच्या सुनेने तोंडाला पदर लावला. पण खोलीची किल्ली काही आबासाहेबांच्या खिशातून बाहेर आली नाही. मास्तर चपला घालून दहावं घर बघायला निघाले.