तळ्याच्या किल्ल्या आणि त्यांच्या पाट्या

फार फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

त्या राज्याच्या राजधानीच्या वरच्या अंगाला दगडी बांधाचं एक मोठं तळं होतं. त्याची देखभाल लाकडी सेवक करत. एका थोर कारागिरानं ते घडवले, त्यांच्यात जीव ओतला आणि तो देशांतराला निघून गेला. हे सेवक कधी थकत नसत, कधी कुरकुरत नसत. त्यांना वाचता येई, पण लिहिलेलं असेल तेवढंच कळे. कोणती वाट कुठे जाते, कोण कुठे राहतं, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

म्हणून अवजारघरातल्या प्रत्येक वस्तूवर पाटी टांगायचं राजानं ठरवलं. ते काम भद्राकडे आलं. भद्रा दरबारची लेखिका. तिच्या तोडीचं लिहिणारं त्या मुलखात दुसरं कुणी नव्हतं. तिनं जीव लावून पाट्या लिहिल्या. तळ्याचं पाणी सोडणाऱ्या दारांच्या किल्ल्याही त्या अवजारघरात होत्या. एका किल्लीवर लिहिलं, ‘कोंडलेल्या जलदेवतेला मुक्त करणारी.’ दुसरीवर लिहिलं, ‘तळ्याचं हृदय खुलवून धरणीला तृप्त करणारी.’ लोक मुद्दाम बांधावर येऊन त्या वाचत आणि माना डोलावत.

एकदा पाऊस थांबता थांबेना. तळं काठोकाठ भरलं. राजानं सेवकांना आज्ञा पाठवली, “तळ्याचं पाणी कमी करा.”

एका सेवकानं किल्ली उचलली आणि फिरवली. पण ती नदीकडच्या दाराची नव्हती. ती शेतांकडे जाणाऱ्या पाटाची होती. पाट फुटला आणि पाणी कुंभारआळीत शिरलं. माणसं वाचली, पण घराघरांत वाळत घातलेली कच्ची मडकी विरघळून गेली.

“जाळून टाका ही लाकडं!” लोक ओरडले.

भद्रा धावतच बांधावर गेली. तिनं त्या सेवकाला विचारलं, “तू हीच किल्ली का घेतलीस?”

“दोन्ही पाट्या पाणी सोडायचं म्हणतात,” सेवक म्हणाला. “ही हाताशी होती.”

तिनं दोन्ही पाट्या पुन्हा वाचल्या. दाराचं नाव कुठेच नव्हतं. पाणी कुठे जाईल, तेही नव्हतं.

ती तशीच कुंभारआळीत गेली. एक म्हातारी कुंभारीण दारातला चिखल उपसत होती. भद्रा म्हणाली, “आजी, चूक त्या सेवकाची नाही. माझी आहे.”

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. “बाई, तुमच्या पाट्या मीही ऐकल्यात. कानाला फार गोड लागतात. पण त्यातून मला काही तुमचं तळं उघडता आलं नसतं.”

दुसऱ्या कुणाला राग आला असता. भद्रानं पदर खोचला आणि म्हातारीबरोबर चिखल उपसला. मग तिलाच विचारलं, “मी नव्या पाट्या लिहीन. वाचून दाखवल्या तर ऐकाल? जिथे कळणार नाही तिथे मला अडवा.”

भद्रानं जुन्या पाट्या उतरवल्या. प्रत्येक दार उघडून पाणी कुठवर जातं ते ती स्वतः चालत जाऊन पाहून आली. मग लिहिलं. लिहिलेलं सेवकाच्या हाती द्यायची आणि आपण गप्प उभी राहायची. सेवक चुकला की त्याला बोल न लावता पाटीच पुसायची. म्हातारी शेजारी बसून प्रश्न काढायची.

“नदीचं दार उघडलं, आणि खाली काठावर कुणी असलं तर?” तिनं एकदा विचारलं.

भद्रानं तीही पाटी पुसली.

दरबारातले कवी हसले. “भद्राची लेखणी आटली,” म्हणाले. राजालाही वाईट वाटलं. “पूर्वीची गोडी गेली गं,” तो म्हणाला.

“महाराज, पूर्वी मी वाचणाऱ्यांनी मान डोलवावी म्हणून लिहीत होते,” भद्रा म्हणाली. “आता त्यांच्या हातून काम नीट व्हावं म्हणून लिहिते.”

पुढच्या एका वर्षी त्याहून मोठा पूर आला. बांधाला तडा गेला. राजानं सेवकांना तीच आज्ञा दिली आणि सारं गाव टेकडीवर नेलं. बांधावर उरले फक्त लाकडी सेवक. टेकडीवरून हाक मारली तरी खाली ऐकू जाणार नव्हती.

सेवक अवजारघरातून किल्ली घेऊन निघाले आणि नदीकडच्या दाराशी गेले. भद्राचा जीव भांड्यात पडला. पण दार जेमतेम चार बोटं उघडून ते थांबले आणि बांधावरची घंटा वाजवू लागले.

“थांबले का?” राजा ओरडला. “बांध फुटेल!”

“महाराज, पाटीवर तसंच लिहिलंय,” भद्रा म्हणाली. “‘ही किल्ली नदीकडचं दार उघडते. तळं उतरवायला हीच घ्यावी, पाटाची नव्हे. आधी चार बोटं उघडून घंटा वाजवावी. काठावर कुणी नाही, हे पाहूनच पूर्ण उघडावं.’”

तेवढ्यात नदीकाठच्या झाडीतून एक धनगर शेळ्या हाकत पळत वर येताना दिसला. तो तिथे आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटची शेळी उंचावर चढली, घंटा थांबली आणि दार सताड उघडलं. पाणी गर्जत नदीत उतरलं. बांध टिकला. कुंभारआळीत थेंब शिरला नाही.

म्हाताऱ्या कुंभारणीनं भद्राचा हात घट्ट धरला. राजा म्हणाला, “भद्रा, इतकं सुंदर तू आजवर काही लिहिलं नव्हतंस.”

त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक अवजाराची पाटी भद्राच्या पद्धतीनं लिहिली जाऊ लागली, आणि कवींची मुलंही ती पद्धत शिकायला तिच्याकडे येऊ लागली.

बोध असा: ज्याला आपल्या मनातलं दिसत नाही, त्याच्या हाती काम देताना असं लिहावं की त्याला अंदाज बांधावा लागू नये.