चौथ्या गल्लीतला ठिपका

"पण सिद्राम त्या गल्लीत गेलाच कशाला?"

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. समोर हमालांचे म्हातारे मुकादम गेनूबापू पोत्यावर बसले होते. पाच वर्षांपूर्वी याच गोदामात शार्दूल त्यांच्या हाताखाली माल लावायला शिकला. आता तो इंजिनिअर झाला होता आणि बापूंनाच शहाणपण शिकवायला आला होता.

"पाणी प्यायला," बापू म्हणाले. "माठ पल्याड हाय."

"माणसांना बाहेरून वाट दिलीय मी."

"व्हय... दोनशे पावलं. उन्हातनं."

शार्दूलने कागद पुढे सरकवला. गेल्या आठवड्यात गाडीखाली सापडून सिद्राम हमाल गेला, त्या अपघातात चूक त्याचीच, असं त्यावर लिहिलं होतं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे चूक बहुधा त्याचीच निघते. मुकादमाची सही झाली की रॅकांमधली चौथी गल्ली उद्या पुन्हा सुरू होणार होती, आहे तेवढीच अरुंद.

"माझ्या आराखड्यात खोट नाही, बापू. गल्ली किती रुंद, फोर्कलिफ्ट किती, सगळं कॉम्प्युटरवर चालवून पाहिलंय. वर्षभराचं काम, हजार वेळा. एकदाही कुणाला खरचटलं नाही."

"दाव."

शार्दूलने लॅपटॉप उघडला. पडद्यावर निळे चौकोन धावत होते, त्या फोर्कलिफ्ट, माल उचलणाऱ्या गाड्या. पिवळे ठिपके म्हणजे माणसं. बापू डोळे बारीक करून बघत राहिले.

"ह्यो ठिपका गाडीतनं आरपार गेला."

"जातोच. इथे फक्त वेळ मोजायचा असतो. ठिपका गाडीला अडत नाही."



बापू काठी घेऊन उठले. "चल."

चौथ्या गल्लीतली फरशी दोनदा धुतली होती, तरी डाग गेला नव्हता. बापूंनी शार्दूलला तिथेच, रॅकला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले.

"इस्माईल, गाडी आण. माल त्या दिवसाएवढाच उंच घे. काठी वाजली की थांब."

त्या दिवशीही गाडीवर इस्माईलच होता. आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नव्हता.

"नको, बापू..."

"आण."

गाडी आली. माल उंच असला की गाडी उलटी चालवायची असते, पण अरुंद गल्लीत तिला वळता येत नव्हतं, म्हणून ती माल पुढे धरून सरळ आत शिरली. खोक्यांमागून इस्माईलला समोरचं काही दिसत नव्हतं.

शार्दूल आधी हसला. मग बाजूला सरकायला गेला, पण जागाच नव्हती.

खोकी हातभर अंतरावर आली. मग वीतभर...

"थांबव! अरे, मी आहे इथे! मी आहे!"

इंजिनाच्या आवाजात ते इस्माईलला ऐकूच गेलं नाही.

बापूंनी काठी रॅकच्या लोखंडावर आपटली. गाडी थांबली.

शार्दूलच्या हातातून कागद खाली पडला होता. बापूंनी वाकून उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला.

"सिद्रामबी ह्येच वरडला हुता. तेवढं यात लिव... मग सही करतो."