मोसुके सशाच्या दारातलं रोप

त्या दिवशी डोंगरावर दाट धुकं होतं आणि बारीक हिम भुरभुरत होतं. ही गोष्ट जुन्या जपानातली. तिथं देवदार सगळे सरदाराचे. त्यांना दात लावला की मरण. आणि ज्याच्या दारातल्या देवदारावर सरदाराचा शिक्का पडला, त्याला आपलं बीळ सोडावं लागे.

मोसुके सशाच्या दारात नेमकं देवदाराचंच रोप उगवलं होतं. शिक्केवाल्यांची चाहूल लागली, तसा तो त्यावर पोट टेकून बसला. ते अगदी जवळ आले, तरी हलला नाही.

"काय धीट आहे बघ," एक जण म्हणाला, आणि ते पुढं गेले.

शेजारची चिचुंद्री बिळातून बाहेर आली. म्हणाली, "मोसुकेभाऊ, यंदा निभावलं. पण हे रोप दरवर्षी वाढणार. तुम्ही आता किती वाढणार, बाबा?"