खर्जातली खरखर

"आता तरी सांगा वस्ताद, यात अजून काय आवळायचं राहिलंय?"

हर्षदने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. समोर दाराएवढा उंच स्पीकर उभा. नेहमीचा कागदी भोंगा त्यात नव्हता. लाकडी चौकटीत पातळ पडदा ताणलेला, पडद्यावर चिकटवलेली केसासारखी तार आणि मागे चुंबकांच्या पट्ट्या. गाणं शिकवणाऱ्या गोगटेबाईंचा होता तो. खर्ज लागला की खरखरायचा.

हर्षद तीन दिवस त्याच्याशी झुंजत होता. बावीसच्या बावीस स्क्रू त्याने पिळून आवळले होते. हे काम जमलं की वस्ताद होकार देणार आणि सांगलीत त्याचं स्वतःचं दुकान निघणार. पठ्ठ्याने पाटीसुद्धा रंगवून घेतली होती.

दस्तगीर वस्तादांनी स्पीकरवर खर्जाची टेप लावली.

खर्रर्र...

"कुठनं येतंय?"

"वरच्या उजव्या कोपऱ्यातनं."

"नक्की?"

"शंभर टक्के. माझा कान अजून शाबूत आहे."

बोलून गेला आणि जीभ चावली. वस्तादांचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, उजवाही जायच्या बेतात होता. मिरजेतल्या सगळ्या बाजारपेठेला हे ठाऊक होतं. हर्षदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्ताद मात्र हसले. डब्यातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि हर्षदच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले. मग त्याचं बोट धरून चौकटीवर टेकवलं.

हर्षदला आधी रागच आला. हा काय पोरखेळ? पण करतो काय, बोट फिरवू लागला. वरचा उजवा कोपरा... तिथे सगळं ठणठणीत. वरची पट्टी... चौकटीची डावी बाजू... काहीच नाही. बोट पडद्यावर उतरलं. तारेवरून हळूहळू खाली आलं.

खालच्या डाव्या टोकाला बोटाखाली मुंगी चालल्यासारखं झालं.

त्याने तिथेच हलकेच दाबलं. मुंगी थांबली.

घाईघाईने त्याने बोळे उपसले. खर्ज घुमत होता, स्वच्छ, गोल. बोट उचललं, खर्रर्र. टेकवलं, गप्प. वीतभर तार पडद्यापासून सुटली होती. तीन दिवस तो भलत्याच कोपऱ्यात डोकं खुपसून बसला होता.

वस्तादांनी काडीच्या टोकाने तारेखाली गोंद भरला. सुकेपर्यंत दोघं चहा पीत बसले.

मग पुन्हा खर्ज लावला. बोट लावायची गरज उरली नव्हती. हर्षदने हात पुसले.

"जाऊ मग सांगलीला?"

"जा की. काम आलं तुला."

हर्षद पाया पडला. उठता उठता मात्र राहवलं नाही.

"वस्ताद, खरं सांगा... माझा कान कसा आहे?"

"लाखात एक," वस्ताद कप विसळत म्हणाले. "म्हणून तर तीन दिवस लागले."