चिमूटभर चटणीचं फर्मान

बायजाक्काच्या ऑनलाइन दुकानात उद्यापर्यंत चटणीची चव बघायची सोय झाली नाही, तर दुकान बंद! महाराज गजसिंहांचं फर्मान आलं आणि बायजाक्काच्या लेकीने, रेवूने, कपाळावर हात मारला. आईचे गुडघे गेले, बाजारातला गाळा सुटला, म्हणून लेकीने फोनवर दुकान उभं केलं होतं. घर आता त्यावरच चालायचं.

महाराजांचं दुखणं वेगळंच होतं. रोज वेष पालटून ते बाजारात यायचे. मिशा तेवढ्या पालटायच्या राहून जात, म्हणून सगळे ओळखत. पण बोलणार कोण? गिऱ्हाइकाने तळहात पुढे करायचा आणि दुकानदाराने त्यावर चिमूटभर चटणी ठेवायची, ही बाजाराची जुनी रीत. महाराज बायजाक्काच्या गाळ्यावर जवस, कारळं, शेंगदाणा सगळ्या चटण्यांची चव बघत आणि "विचार करून सांगतो" म्हणत पुढे सरकत. गाळा बंद झाला नि महाराजांची न्याहारीच बुडाली.

"फोनमधून चव कशी गं देणार?" बायजाक्का रडकुंडीला आली.

"देते की. तू चटणी कुटून ठेव," रेवू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात प्रधानजींनी फोनवर दुकान उघडलं. 'चव बघा' असं नवं बटण आलं होतं. महाराजांनी ते दाबताच पडद्यावर रेवू दिसली, चिमटीत कारळ्याची चटणी धरून.

"महाराज, हात पुढे करा."

महाराजांनी हात पुढे केला. बोटं काचेवर आपटली.

"अजून थोडा पुढे."

प्रधानजींनी मागून रेटा दिला. सेनापतींनी हाताला तेल चोळलं. राजवैद्य म्हणाले, "अंगठी काढून बघू या." फोन तेलाने माखला, पण हात काही आत शिरेना.

"अगं, फोनमध्ये हात जातो का कधी?" महाराज वैतागले.

"रीत तर तीच आहे, महाराज. हात गिऱ्हाइकाने पुढे करायचा, चिमूट आम्ही ठेवायची. माझी चिमूट कधीची तयार आहे. ज्या वाटेने आपला हात आत येईल, त्याच वाटेने चव बाहेर येईल."

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसले की सिंहासन करकरलं.

"हरलो, पोरी! फर्मान मागे. सेनापती, तुमचे घोडेस्वार नुसते बसून असतात. आजपासून हिच्या चटण्या घरोघर पोचवा, आणि पहिली राजवाड्यावर."

संध्याकाळी पार्सल आलं. महाराजांनी अधीरपणे हात पुढे केला. सेनापतींनी पुडा पाठीमागे धरला आणि अदबीने म्हणाले, "महाराज, आधी पैसे."