क्षणाची भेट

एकदा एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात एक शिष्या आपल्या गुरूवर मनापासून वैतागली होती. तिचं नाव शर्वाणी. गुरू म्हणजे आठल्येसर. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि आता तिच्याच आग्रहावरून कारखान्यात सल्ला द्यायला येणारे. पण सल्ला म्हणून ते जे देत होते, त्याने तिचं डोकं शांत होण्याऐवजी अधिकच तापत होतं.

काम होतं जोखमीचं. यकृताचा जन्मजात दोष असलेल्या काही मुलांसाठी एक नवं औषध तयार करायचं होतं. ते औषध म्हणजे एक अतिशय नाजूक, सूक्ष्म धागा. तो तसाच रक्तात सोडला तर वाटेतच नष्ट होतो. म्हणून त्याच्याभोवती स्निग्धद्रव्यांचं कवच घालावं लागतं आणि ते कवचही इतकं सूक्ष्म, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नये. त्यासाठी एका नळीतून मद्यार्कात विरघळलेली स्निग्धद्रव्ये यायची, दुसरीतून औषधाचा धागा असलेलं किंचित आंबट पाणी यायचं, आणि केसासारख्या अरुंद वाटेत दोन्ही प्रवाहांची गाठ पडली की कवच आपोआप तयार व्हायचं.

व्हायला हवं होतं, असं म्हणू या. कारण होत होते ते गोळे. लहान, मोठे, एकमेकांना चिकटलेले. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडायचं ते पातळ निळसर पाण्याऐवजी नासक्या दुधासारखं काहीतरी. प्रत्येक खेप फुकट जायची आणि प्रत्येक वेळी शर्वाणी पंप आणखी हळू करायची. धागा नाजूक आहे, धक्का बसला तर तुटेल, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. सुकुमार वस्तूला सुकुमार हातांनीच हाताळायला हवं, यात चूक ती काय?

सर काचेपलीकडे उभे राहून बघायचे. तिने विचारलं की एवढंच म्हणायचे, "अगं, घाई कर."

"सर, थट्टा करू नका हो!" ती एकदा कडाडली. "कॉलेजात आम्हाला उभं-आडवं झापायचात, घाई करू नका म्हणून. आणि आता?"

"आता घाई कर म्हणतोय."

"का?"

"करून बघ." आणि स्वारी चहाला निघून गेली.

त्या धाग्याचं उत्पादन किचकट होतं. नवा साठा यायला कित्येक महिने लागणार होते. आता जेमतेम दोन खेपांपुरताच शिल्लक होता. इस्पितळात मुलं वाट पाहत होती. मालक रोज दारात येऊन उभे राहायचे आणि हताश चेहऱ्याने विचारायचे, "मॅडम, आज तरी?" शर्वाणीला वाटायचं, या प्रश्नापेक्षा सरळ रागावलेले परवडले.

त्या सकाळी तिने पंप इतका मंद लावला की नळीतला प्रवाह चालतोय की थांबलाय, हेच कळेना. पहिले थेंब पडले. पांढरे फटक. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात अंगात झगा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी अशा सगळ्या सोपस्कारानिशी सर आत आले, तिला काही कळायच्या आत पंपाजवळ गेले आणि त्यांनी त्याची कळ शेवटपर्यंत फिरवली.

"सर! तुटेल तो! अहो, काय करताय हे?"

पंप घोंघावू लागला. तिने कळीकडे हात नेला, पण सर आडवे उभे राहिले. म्हातारा माणूस, ढकलणार तरी कशी? ती तणतणत राहिली. तिचा पारा चढत होता आणि इकडे सरांनी पांढऱ्या थेंबांचं भांडं बाजूला करून दुसरं भांडं खाली धरलं. त्यात जे पडू लागलं ते स्वच्छ होतं. उजेडाकडे धरलं तर किंचित निळसर झाक मारणारं.

शर्वाणीची तणतण मध्येच थांबली.

"आता सांगतो का ते," सर म्हणाले. "स्निग्धद्रव्य मद्यार्कात असतं तोवर निवांत असतं. पाणी दिसलं की त्याला धास्ती वाटते आणि ते आपल्याच भाऊबंदांना जाऊन बिलगतं. तू पाणी हळूहळू दाखवत होतीस. त्यांना भरपूर सवड मिळाली, सवडीने त्यांनी टोळकी जमवली. तेच तुझे गोळे. पाण्याने एका क्षणात वेढलं, की टोळकं करायला वेळच उरत नाही. जो जिथे असेल तिथेच, समोर येईल त्या धाग्याला धरतो. धागा या वेगाला पुरून उरतो. तुझ्या दयेनेच घोटाळा होत होता."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. हात मात्र तसाच जपून चालला असता."

आता तिच्या अंगात उत्साह संचारला होता. पुढची पायरी होती मद्यार्क काढून टाकण्याची. द्रव बारीक चाळणीच्या नळ्यांतून फिरवत राहायचं. तिने त्या नळ्यांच्या पंपाची कळ धडाक्याने फिरवायला घेतली आणि सरांनी तिचा हात धरला.

"हे मात्र हळू."

"सर, आता मी खरंच किंचाळेन!"

"किंचाळ, पण कळ सोड." ते हसले. "गाठ क्षणात पडते, शर्वाणी. एकत्र नांदायला वेळ लागतो. कवच अजून कोवळं आहे. आत्ता रेटलंस तर फुटेल."

तिने कळ सोडली. दुपारभर ती त्या संथ पंपाजवळ बसून राहिली. इतके दिवस आपण मंदपणालाच काळजी समजत होतो, हे तिला बसल्या बसल्या उमगत गेलं. कुठे उरकायचं आणि कुठे थांबायचं हे ओळखण्याचे कष्ट मात्र तिने कधी घेतले नव्हते.

संध्याकाळी मोजणीचं यंत्र म्हणालं, सगळी कवचं एकसारखी आहेत. आतला धागाही शाबूत होता. मालक धावत आले. "मॅडम, मग शेवटची खेप उद्या किती वेळात होईल?"

"क्षणात होईल," शर्वाणी म्हणाली. "आणि मग सावकाश होईल."

मालकांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही दोघं गुरुशिष्य सरळ उत्तर कधी देणार आहात?"